आधी भिंत, मग चित्र

वारली चित्रांवर लिहिणारी माणसं पुष्कळ झाली. मुंबईतून आली, परदेशातून आली, कॅमेरा आणि वही घेऊन आली. काहींनी चांगलं लिहिलं. पण एक गोष्ट मला नेहमी खटकत आली. ही सगळी मंडळी चित्रापासून सुरुवात करतात. आमच्याकडं कोणतीही बाई चित्रापासून सुरुवात करत नाही. ती भिंतीपासून सुरुवात करते, आणि त्यातही आधी उंदराचं बीळ बुजवते.

मी भात पिकवणारा माणूस. डहाणू तालुक्याच्या पूर्वेला, तलासरीच्या शिवेला लागून आमचा पाडा. आश्रमशाळेत राहून १९७७ साली दहावी झालो, पुढचं शिक्षण नांगरामागं गेलं. मला चित्र काढता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बैल काढला तर शेळी दिसते. पण मी आयुष्यभर भिंती बांधल्या आणि लिंपल्या, आणि माझ्या आईचा हात चौक काढण्यात आमच्या पाड्यात पहिला समजला जायचा. तेवढ्या अधिकारावर चार शब्द लिहितो.

आमच्याकडची जुनी भिंत म्हणजे कुड. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, बांबूच्या आडव्या कामट्यांत धरायच्या आणि वेलानं आवळायच्या. कारवीला सात-आठ वर्षांनी एकदा फूल येतं, बी धरतं आणि झुडूप जागेवर वाळून जातं. त्या वर्षी ज्याला घर बांधायचं तो खुश. मग लाल माती, शेण आणि भाताचं तूस पायानं तुडवून कुडाला दोन्ही अंगांनी लिंपायचं. आता तूस कशाला, तर माती वाळताना आकसते आणि फाटते. तूस आणि शेणातले गवताचे धागे तिला धरून ठेवतात. हे शाळेत कुणी शिकवत नाही. ज्यानं तूस कमी घातलं त्याला त्याचीच भिंत शिकवते.

पावसाळ्यात पश्चिमेकडून झड येते आणि भिंतीचा पायथा खाऊन टाकते. उंदीर कणगीचा वास काढत कुडातून वाट करतात. भात घरात आलं की डागडुजी सुरू. बिळात आधी तूस आणि शेणाचा गोळा ठासायचा, वरून माती, वरून सारवण. कणगी आतून-बाहेरून शेणानं सारवायची म्हणजे दाण्याला कीड कमी. बियाण्यात राख. पूर्वी पावसात डोक्यावर बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं इरलं असायचं, आता त्याच कामट्यांवर पानांऐवजी प्लास्टिक. नांगराचा दांडा चिरला तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, ती खिळ्यापेक्षा बरी धरते. निवडणूक झाली की पुढाऱ्यांचे फ्लेक्स आमच्याकडं पेंढ्याच्या उडव्यावर चढतात. पाच वर्षांत त्या पुढाऱ्यानं आमच्यासाठी केलेलं सगळ्यात टिकाऊ काम तेच, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगायचं कारण असं, की आमच्या बायकांचं चित्र याच कामांच्या रांगेतलं आहे. हाताशी जे आहे त्यात भागवायचं, आणि भागवताना देखणं करायचं. ज्या हातानं बीळ बुजवलं, त्याच हातानं त्याच भिंतीवर देव मांडायचा. म्हणून चित्राची पारख करायची तर मी भिंतीच्या बाजूनं करतो.

लग्नाचा चौक कसा काढतात ते मी लहानपणी खांबाला टेकून पाहिलं आहे. आधी भिंत सारवायची, ती वाळली की गेरूचा हात. नवे तांदूळ भिजत घालायचे आणि पाट्यावर वाटायचे. पीठ किती पातळ ठेवायचं याचं आईचं माप होतं. काडी बुडवून वर धरली की थेंब लोंबकळला पाहिजे, पण लगेच पडता कामा नये. ब्रश नव्हता. बांबूची बारीक काडी घ्यायची आणि तिचं टोक दातांनी चावून चावून मऊ करायचं. आईच्या तोंडात ती काडी असली की आम्हाला हाक मारता यायची नाही, नुसती मान हलवून ती आम्हाला लांब हाकलायची.

या काडीचा एक स्वभाव आहे. ती पीठ फार धरत नाही. एकदा बुडवली की वीतभर रेघ निघते, फार तर दोन, मग कोरडी. लांबलचक वळणदार रेघ तिच्यातून येतच नाही. म्हणून आमच्या चित्रात सगळं आखूड रेघांचं, ठिपक्यांचं आणि त्रिकोणांचं. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, हातापायांच्या चार काड्या. पुस्तकांतून असं लिहिलेलं असतं, की गोल हा सूर्य-चंद्रावरून आला, त्रिकोण डोंगरावरून आणि झाडावरून, आणि चौकोन हा माणसानं आपल्या देवासाठी आखलेला. असेलही. डोंगर आम्हीही रोज बघतो. पण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी एकदा ती काडी चावून भिंतीपुढं बसून बघावं. अर्धा त्रिकोण त्यांना काडीच शिकवील.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. तांदळाच्या पिठाची ओली रेघ गेरूवर नीट दिसत नाही. ती वाळायला लागली की हळूहळू पांढरी होते. म्हणजे बाई रेघ काढते तेव्हा तिला ती अर्धीच दिसते. आपण कुठून आलो, कुठं निघालो हे हातानं लक्षात ठेवावं लागतं. आणि पुसायची सोय नाही. पुसायला गेलं तर पिठाबरोबर गेरू निघतो आणि तिथं फिकट डाग राहतो. मग चूक झाली तर काय करायचं? आईच्या एका चौकात घोड्याचा पाय लांब झाला होता. तिनं तो तसाच खाली नेला, त्याला दोन्ही बाजूंनी फाटे फोडले आणि त्याचं झाड केलं. घोडा झाडापाशी थांबलेला दिसला. तोच चौक पाड्यातल्या बायका पुढं कितीतरी दिवस बघायला येत होत्या. भिंतीतल्या बिळाला जशी माती, तशी चुकीला पुढची रेघ.

चौक सवाशिणी काढतात. चौकोनी किनारीच्या नक्षीत पालघट देवी, लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या, बाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं. धवलेरी लग्न लावते तेव्हा चौक तयार असावा लागतो. माझे वडील गेले त्या वर्षापासून आईनं काडी हातात घेतली नाही. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, तुझ्यासारखा हात कुणाचा आहे, कोण तुला नको म्हणतंय? ती काही बोलली नाही. पण शेजारीपाजारी लग्न असलं की पीठ वाटायला तिलाच बोलवायचे, आणि ती कोपऱ्यात बसून नुसत्या नजरेनं सगळा चौक काढून घ्यायची. मला ती रीत तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. चांगल्या रीतीबरोबर वाईट रीतही त्याच भिंतीवर असते, ती झाकून मी लिहिणार नाही.

मी दहा-बारा वर्षांचा असताना, १९७० नंतरच्या त्या वर्षांत, भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार आमच्या भागात आले. त्याआधी ते बिहारात मधुबनीच्या बायकांकडं जाऊन आले होते. त्यांच्यामुळं भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. कागद आला तसे पैसे आले, आणि पैसे आले तसे पुरुष आले. मी हे टोमण्यानं म्हणत नाही. दुष्काळी दिवस होते, गवत कापायची मजुरी किती मिळायची ते आम्हालाच माहीत.

त्या पुरुषांत सगळ्यात मोठं नाव जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा, नंतर डहाणू तालुक्यात गंजाडच्या कळंबीपाड्यात राहायला आले. लहानपणी आई गेली तेव्हा ते बोलायचे बंद झाले होते आणि धुळीत बोटानं चित्रं काढून आपलं म्हणणं सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९७६ ला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ ला पद्मश्री. १९८९ ला पॅरिसला जगभरच्या कलावंतांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात त्यांची चित्रं होती. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

त्यांनी चौकाच्या बाहेरचं काढलं. लग्न नसतानाही काढलं. शेत, शिकार, मासेमारी, मुंग्या, गोष्टी, सगळं. त्यांचं जाळ्याचं चित्र मी पहिल्यांदा छापील पाहिलं आणि बराच वेळ पान उलटलं नाही. सगळ्या कापडभर जाळं पसरलेलं, बारीक रेघांचं, मोजायला बसलं तर रात्र होईल. मी जाळं विणलेला माणूस आहे. जाळ्याची दोन घरं कधी सारखी नसतात, गाठ मारताना बोटाचा जोर कमी-जास्त होतो. म्हशांच्या जाळ्यातही तसंच आहे. त्यामुळं ते जाळं हलतं. दुसऱ्या कुणी पट्टी लावून तसलं जाळं काढलं तर ती खिडकीची जाळी होते. आणि म्हशांनी कापडाला शेणाचा हात फिरवून त्यावर पांढरं काढलं. भिंत सोडली, पण भिंतीचा गुण बरोबर नेला. शेणानं कापड खरबरीत होतं, रेघेला धरायला काहीतरी मिळतं, हात आपोआप सावकाश चालतो. त्यांचं मोठेपण मला तिथं दिसतं.

२००३ साली जर्मनीत डसेलडॉर्फला त्यांची चित्रं रिचर्ड लाँग नावाच्या इंग्रज कलावंताच्या कामाबरोबर लावली होती. हा लाँग हातानं भिंतीवर चिखल फासून कलाकृती करतो. आई असती आणि तिला हे सांगितलं असतं, तर तिनं विचारलं असतं, चिखलात तूस घातलं होतं का त्यानं?

एक मात्र बोललं पाहिजे. कागदावर खाली नाव घालायची जागा असते, चौकाला नसते. ज्या सवाशिणींनी पिढ्यान् पिढ्या ही रेघ सांभाळली, त्यांतल्या एकीचंही नाव कुठं नाही. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, आमचा माल आमच्या नावानं ओळखला जाईल. पण मानांकनाच्या कागदानं चित्र कुठलं ते कळतं, ते चांगलं की वाईट ते आपल्यालाच बघावं लागतं.

आता घरातलं सांगतो. आमचा मधला मुलगा चित्रं काढतो. भिंतीवर नाही, कापडावर, साड्यांवर, कपांवर, ट्रेवर. चारोटी नाक्यावर एक व्यापारी येतो, तो शंभर कप देतो आणि चार दिवसांत परत मागतो. मुलगा पांढऱ्या रंगात फेविकॉल घालतो, म्हणजे रेघ उडत नाही. गेरूतही तेच. पहिल्यांदा मी बडबड केली तेव्हा तो म्हणाला, "बा, तुमचं शेणाचं चित्र मुंबईच्या बाईच्या हॉलात वास मारतं. आणि तांदळाच्या पिठाला झुरळं लागतात. तुम्ही सांगा, मी काय करू?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. फेविकॉल घालणं ही त्याची डागडुजीच आहे. माझी सायकलची ट्यूब आणि त्याचा फेविकॉल यांत मी कसा भेद करू? त्याच्याच चित्रांच्या पैशांत आमच्या पडवीवर पत्रा चढला, हेही लिहून ठेवतो.

तेव्हा नव्या सामानाला माझा विरोध नाही. माझी हरकत वेगळी आहे, आणि ती मी त्याच्या कपांसमोर बसून त्यालाच सांगितली. तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, घाई. ब्रशला रंग भरपूर लागतो आणि रेघ पळते. पळणाऱ्या रेघेची माणसं सगळी एकाच साच्यातली निघतात. शंभर कपांवर शंभर बायका, सगळ्यांची कंबर एकसारखी, सगळ्यांच्या डोक्यावर तोच हंडा. हंड्याचं वजन कुणाच्याच मानेला नाही. आईच्या चौकात पाच बायका पाणी आणायच्या, त्यांत एक म्हातारी होती हे सांगावं लागायचं नाही.

दुसरी, न बघता काढणं. तारप्याच्या नाचात नाचणारे तारपेवाल्याकडं पाठ करत नाहीत. तारपेवाला मध्ये, तो वळेल तशी रांग वळते. आता किती कपांवर, किती हॉटेलांच्या भिंतींवर नाचणारे बाहेर तोंड करून उभे असतात ते बघा. कधी वाटोळं पुरं करून बंद केलेलं असतं, तारपेवाल्याला आत कोंडलेला. ज्यानं एकदा रात्रभर नाच नाचला आहे त्याच्या हातून हे होणार नाही. तारपा हीसुद्धा जुगाडाचीच वस्तू. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान, आणि फटी बुजवायला मधमाशीचं मेण. मेण उबेनं मऊ होतं, म्हणून वाजवणारा ते दाबून-सरकवून सूर बसवू शकतो. एकानं नळ जोडायचा टणक मसाला लावून तारपा पक्का केला. फट बुजली ती कायमची बुजली, पण पुढं सूर सरकला तर तो सरकवायला जागाच उरली नाही. पक्कं करणं आणि चांगलं करणं यांत एवढा फरक आहे, तो चित्रातही आहे.

तिसरी, जागा. चौक पायपुसण्यावर छापलेला मी पाहिला. मध्ये पालघट देवी. छापणाऱ्याला ती नुसती नक्षी वाटली असेल, त्याला मी दोष देत नाही. पण आमच्यापैकी कुणीतरी त्याला तो नमुना काढून दिला, त्याला मी दोष देतो.

मुलानं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या गोष्टीवर तो हसला आणि म्हणाला, खरं आहे. त्या दिवसापासून त्याचे नाचणारे आत बघतात. कपांची घाई मात्र तशीच आहे, कारण ती त्याच्या हातात नाही, व्यापाऱ्याच्या हातात आहे.

आता माझी स्वतःची परीक्षा कशी झाली तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर नुसता उपदेश होईल.

२०१६ साली आम्हाला घरकुल मिळालं. जुन्या घराचा पुढचा भाग पाडला आणि तिथं विटा-सिमेंटच्या भिंती उभ्या केल्या. मागं चुलीकडची तेवढी एक कुडाची भिंत राहिली. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या बाजूला जमीन हादरायला लागली. डहाणू-तलासरीची गावंच्या गावं ताडपत्रीखाली, सरकारी तंबूत झोपायला गेली. १ फेब्रुवारी २०१९ ला त्यातल्या त्यात मोठा धक्का बसला, ४.१ चा. माझ्या नव्या घराच्या पुढच्या भिंतीला खिडकीपासून खालपर्यंत भेग गेली. मागच्या कुडाची चार-पाच टोपल्या माती गळली, पण काठ्या जागच्या हलल्या नाहीत. वेल आवळलेला असतो, तो थोडं हलू देतो. बायकोनं आणि सुनेनं एका सकाळीत ती माती परत लिंपली. पुढच्या भेगेत गवंड्यानं सिमेंट भरलं, ते पुढच्या धक्क्याला तिथंच उकललं.

आणि त्याच उन्हाळ्यात धाकट्याचं लग्न ठरलं होतं. चौक कुठं काढायचा? चुलीकडची भिंत धुरानं काळी आणि आखूड. चौक पुढच्या घरातच हवा. मी मुलाला म्हटलं, तू तुझ्या फेविकॉलच्या रंगानं भिंतीवर चौकोन रंगव, बायका वर काढतील. त्यानं रंगवला. मोठ्या वहिनी आणि शेजारच्या आत्या आल्या, भिंतीला बोट लावलं. आत्या म्हणाली, "ही भिंत पाणी पीत नाय. देवीला काय रबरावर बसवायची?" तिनं पिठाची एक रेघ ओढून दाखवली. रेघ ओघळून खाली गेली, आणि उरली ती वाळल्यावर पापडासारखी सुटली.

मग मी वर शेण-मातीचा लेप दिला. दोन दिवसांत तो वाळला आणि तिसऱ्या दिवशी पत्रा निघावा तसा अख्खा सुटून खाली आला. चूक माझीच. माती वाळताना आकसते आणि गुळगुळीत सिमेंटाला तिचं बोट कुठंच अडकत नाही. चाळीस वर्षं भिंती लिंपून हे मला आधी कळायला हवं होतं. आत्या दारात बसून तंबाखू मळत होती. ती म्हणाली, "सिमेंटाला मातीचा हात धरता येत नाय. मधी कायतरी दे ना."

त्या "मधी कायतरी" वर मी रात्रभर पडून विचार केला. सकाळी भाताची जुनी गोणपाटं उसवली. भिंतीवरचा रंग खरवडला, छिन्नीनं वीत-वीतभरावर टोचे मारले. गोणपाट भिजवून ताणलं आणि कामट्यांच्या पट्ट्या व खिळे मारून भिंतीवर बसवलं, भेगेच्या वरूनच. पहिला हात पातळ शेणकाल्याचा, गोणपाटाच्या विणीत शिरेल असा. तो वाळल्यावर दुसरा माती-शेण-तुसाचा, बोटाच्या जाडीचा. तो सावलीत वाळू दिला, ऊन येत होतं तिथं चादर टांगली. तिसरा नुसत्या सारवणाचा. मग गेरू. आठ दिवस गेले, लग्नाची इतर कामं पडून राहिली आणि बायकोच्या शिव्या खाल्ल्या. पण भिंत पाणी प्यायला लागली. आत्यानं तळहात टेकवला आणि काही न बोलता काडी चावायला घेतली.

त्या रात्री बायका चौक काढत असताना एक हलका धक्का आला. भांडी वाजली, पोरं ओरडली, सगळे बाहेर पळाले. परत आत आलो तेव्हा वहिनींच्या हातून शिडीची एक पायरी तिरपी गेलेली होती. पुसायची सोय नाही. मी म्हटलं, आता? वहिनींनी पुढच्या सगळ्या पायऱ्या तशाच थोड्या तिरप्या काढल्या. शिडी झाडाला टेकवलेली दिसायला लागली.

मधला मुलगा तिथं उभा होता. त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि पुढं तो चौक कापडावर उतरवला, तिरप्या शिडीसकट. मी ते चित्र तपासायला बसलो, माझी खोड आहे. कापडाला त्यानं शेणाचा हात दिला होता. रेघ सावकाश होती. पण त्याची शिडी नुसती तिरपी आहे, ती कशामुळं तिरपी झाली ते त्या शिडीत नाही. वहिनींच्या शिडीत पहिल्या दोन पायऱ्या सरळ आहेत, तिसरीला हात हलला आहे आणि चौथीपासून तिनं ठरवलं आहे. मुलानं सगळ्याच पायऱ्या एका तिरकसपणानं काढल्या. मी त्याला एवढंच दाखवलं. तो चित्र घेऊन आत गेला, काही बोलला नाही. आठवड्यानं दुसरं काढून आणलं, त्यात पहिल्या दोन पायऱ्या सरळ होत्या. ते त्यानं विकलं नाही.

गोणपाटाची भिंत दोन पावसाळे टिकली. पायथ्याला ओल आली, खालची किनार गळाली, आधी घोडा गेला, मग शिडीचा खालचा भाग. बायको म्हणाली, उतरवून टाका आता, घाण दिसते. उतरवली. खाली सिमेंटाची भेग होती तशीच होती, वाढली नव्हती. मी गोणपाटाचा धड राहिलेला तुकडा झटकून ठेवला आहे. माती सगळी गळाली, पण विणीत अजून पांढरं दिसतं. थोरल्याच्या मुलीचं लग्न निघालं की गोणपाट नवं लागेल, आणि या खेपेला तूस जास्त घालीन.